घाटाखालचे ब्रेकवाले काका

पाटीवर एकच शब्द होता, 'ब्रेक'. मालकाचं नाव नाही, फोन नंबर नाही, देवाची तसबीर नाही. महाबळेश्वरकडून आंबेनळी घाट उतरून आलेला रस्ता पोलादपुरात शिरायच्या थोडं आधी सरळ होतो. तिथे रस्त्याला लागून पत्र्याची शेड, शेडच्या मागे कौलारू घर आणि घराला चिकटून नंतर बांधलेली स्लॅबची एक खोली. त्या खोलीत मी भाड्याने राहत होते. या सगळ्या कारभाराचे मालक म्हणजे सत्तरीला टेकलेले, काटकुळे, कायम बाह्या दुमडलेले एक गृहस्थ. मी त्यांना काका म्हणायची. गावात त्यांना ब्रेकवाले म्हणत, आणि पाठीमागे आणखी बरंच काही म्हणत.

कोणी पंक्चर घेऊन आलं तर काका तोंड न उघडता रस्त्यापलीकडे बोट दाखवत. नुसती हवा भरायला सांगितली तरी त्यांना अपमान वाटे. एकदा कुणा पुढाऱ्याची पांढरी गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, क्लच जड झालाय, साहेबांना मुंबई गाठायची आहे. काका म्हणाले, "चालायचं काम दुसरीकडं. थांबायचं असेल तर माझ्याकडं." साहेब आतून पाहत होते. काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एवढा ताठा असलेल्या माणसाकडे गिऱ्हाईक टिकायचं कसं? टिकत नव्हतंच. दिवसातला पुष्कळसा वेळ काका रस्त्याकडे पाठ करून शेडसमोरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसलेले असत. पाठ का, तर त्यांना बघायचं नसे, ऐकायचं असे.

मी मूळची नाशिककडची. पोलादपूरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा एक जुनी छोटी गाडी घेऊन एकटी इकडे आले. एकटी बाई, त्यात गाडी चालवणारी, त्यात तोंडाने फटकळ, म्हणजे गावाला चघळायला विषय झालाच. त्यात माझी ती गाडी ब्रेक दाबला की अशी किंचाळायची की शाळेच्या फाटकात पोरं कानात बोटं घालून उभी राहायची. मी जिच्याकडे तेव्हा राहत होते ती घरमालकीण मला रोज ऐकवायची की तुमची गाडी आली की माझी म्हैस दूध चोरते. शेवटी कोणीतरी या काकांचं नाव सांगितलं, तेही हसत हसत.

मी गेले. काकांनी गाडीकडे पाहिलंच नाही. म्हणाले, वरच्या वळणापर्यंत जा आणि उतरत या. आधी हळू ब्रेक, मग कचकन, मग मागे घेताना. मी उन्हात वर-खाली करत होते आणि हा माणूस मोरीवर पाठमोरा. मग चौकशी सुरू झाली. सकाळी ओरडते का दिवसभर? पाऊस झाल्यावर जास्त का कमी? डावीकडे वळताना आवाज बदलतो का? माझ्या आजारपणात डॉक्टरांनी इतके प्रश्न कधी विचारले नव्हते. मग त्यांनी चाक काढलं, ब्रेकच्या पॅडची जाडी नखाने मोजली, चाकामागच्या लोखंडी डिस्कवरून तळवा फिरवला, चाक परत बसवलं आणि हात पुसले.

"काय झालं नाय. ओरडू दे."

मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, ओरडू दे म्हणजे काय? तर म्हणे, ब्रेक लागतो ना? लागतो. मग ओरडतो तर तुमचं काय खातो? आता माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांना जे बोलायचं ते सगळं बोलले. घरमालकीण, म्हैस, पोरांच्या कानातली बोटं, सगळं काढलं. या माणसावर काडीचा परिणाम नाही. पॅड चांगलं आहे, डिस्क चांगली आहे, नुसती सवय लागली आहे आवाजाची, तिला हात लावायचा नाही, एवढंच त्यांचं पालुपद. मी दार आपटून निघाले तेव्हा मागून म्हणाले, "खोली पायजे काय बाई तुमाला? इथं आवाजाचं कुणाला काय नाय."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. अट एकच होती. मालकीण मुंबईवरून यायची आहे, ती आली की त्याच दिवशी खोली सोडायची. कधी येणार, असं मी विचारलं. "येईल," एवढंच म्हणाले.

काका सगळी नोकरी मुंबईत केलेले. तिथल्या एका बस आगारात ब्रेकच्या खात्यात जन्म काढलेला. त्यांची वाडी वर डोंगरात. तिथली झाडून सगळी माणसं मुंबईला गेली, आणि हे एकटे रिटायर झाल्यावर उलटे आले. रस्त्यालगतची वडिलोपार्जित जमीन होती, तिच्यावर शेड घातली. काकू मात्र डोंबिवलीलाच राहिल्या, मुलगा-सून-नातवाजवळ. भांडण नव्हतं, बरं का. मी खोदून खोदून विचारलेलं आहे. घराला कुलूप नको म्हणून काका पुढे आले आणि काकू मागून येणार होत्या. मागून येता येता मधे सगळी वर्षं गेली. येतील तेव्हा त्यांना करमावं म्हणून काकांनी ही खोली बांधली आणि तिला रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी ठेवली. दुसऱ्या बाजूला सावित्री नदी, झाडी, डोंगर, काय हवं ते होतं. पण काकांच्या मते डोंगराकडे बघून माणसाला काय करमणार? रस्त्यावर गाड्या तरी दिसतात.

त्या खिडकीतून मी काकांची सगळी विद्या ऐकली. त्यांच्याकडे आवाजांची वर्गवारी होती. रात्रीच्या दमट हवेने डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक ओरडतात. तो झोपेतला आवाज, तोंड धुतलं की जातो. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मधे खडा अडकतो तो वेगळा, सतत कुरकुरणारा. घाटात गिअर न टाकता नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या पर्यटकांचा वेगळा. त्यांचे पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि जवळ आले की करपल्याचा वास येतो. अशांना काका आधी झाडायचे आणि मग दुरुस्त करायचे. आणि पॅड संपून लोखंडावर लोखंड घासायला लागलं की काका कठड्यावरून उठायचे. "हाडावर आली," म्हणायचे. ती गाडी मग ते पुढे जाऊच देत नसत, मालक कोणी का असेना. बाकी सगळ्यांना एकच औषध होतं, ओरडू दे.

"ओरडतो त्याला पकड हाय," असं त्यांचं म्हणणं. ते किती खरं आहे याचा मला एका लग्नात प्रत्यय आला.

वरंधकडची एक जीप नवरदेवाला घेऊन घाटावरच्या गावी लग्नाला निघाली होती. जीपचे ब्रेक किंचाळत होते. पोलादपूरच्या स्टँडवर मंडळी चहाला थांबली तेव्हा नवऱ्याच्या मामांना ते कसंसंच वाटायला लागलं. नवरदेव असा किंचाळत न्यायचा म्हणजे काय? करवलीच्या पर्समध्ये डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाची बाटली होती. आमच्याकडे बिजागरी वाजली, खोबरेल. पाळणा कुरकुरला, खोबरेल. मामांनी बाटली घेतली आणि पुढच्या दोन्ही चाकांना सढळ हाताने तेल घातलं. आवाज गप्प. मंडळी खूश. घाट चढायच्या आधी नारळ फोडायला म्हणून आमच्या शेडसमोर ड्रायव्हरने ब्रेक दाबला, आणि जीप सरळ पुढे जाऊन आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकली.

कोणाला लागलं नाही. काका उठले, वाकून डिस्कला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि मग ड्रायव्हरच्या हातातली किल्ली काढून घेऊन स्वतःच्या खिशात टाकली. यावर जो गोंधळ झाला तो विचारू नका. मुहूर्त चाललाय, बायका रडकुंडीला आलेल्या, मामा बाह्या सरसावून काकांच्या अंगावर. काका शांतपणे म्हणाले, मारा, आणि मारून झालं की चालत जा. मग त्यांनी खिडकीकडे बघून मला हाक मारली. "बाई, तुमची ओरडणारी गाडी काढा."

मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, करवली आणि मामा माझ्या गाडीतून घाट चढले. उरलेलं वऱ्हाड भाजीच्या टेम्पोत उभं राहून आलं. लग्नानंतर नवरीसकट त्यांना घेऊन मीच उतरले, आणि प्रत्येक वळणावर माझी गाडी अशी काही किंचाळत होती की मामा डोळे मिटून रामराम म्हणत होते. पण थांबत होती. तोवर काकांनी जीपचे तेल प्यायलेले पॅड फेकून नवे घातले होते. मामा काकांकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसले. मला मात्र दोन वेळचं जेवण आणि एक ब्लाउजपीस मिळाला.

काकू रोज दुपारी फोन करायच्या. काकांचे हात काळे असायचे म्हणून फोन स्पीकरवर, आणि माझी खिडकी उघडी, म्हणून रविवारी आणि सुटीच्या दिवशी सगळं मला ऐकू यायचं. काकू बोलायच्या. पाणी आलं नाही, सुनेची बदली झाली, नातवाला दात आला, शेजारणीच्या मुलीचं जमलं, गुडघा फार दुखतो. काका म्हणायचे, "हं." बोलणं कितीही लांबो, यांचं हं ठरलेलं. काकू शेवटी म्हणायच्या, बरं, ठेवते. काका म्हणायचे, हं. फोन बंद झाला की मात्र काका बराच वेळ काम न करता बसून राहत. हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे त्यांना दगड म्हणणाऱ्यांशी मी नेहमी भांडत आले.

आणि खरं सांगायचं तर त्या दोघांच्या फोनची मीही वाट बघायची. मला कोणाचे फोन येत नसत. आई गेल्यावर भावाकडून दिवाळीला एक मेसेज यायचा, तोही सगळ्या नातेवाइकांना पाठवलेलाच. शाळा सुटली की सात-साडेसातपर्यंत रस्त्यावरच्या गाड्या ऐकत मी वह्या तपासायची. तिकडे कठड्यावर काका, इकडे खिडकीत मी, दोघांचे कान एकाच रस्त्याकडे. अशी आमची सोबत. बोलणं फारसं नाही. पावसात कधी नदीचे खेकडे पकडले तर माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवायचे. मी ते खात नाही हे दरवर्षी सांगायची, आणि ते दरवर्षी ठेवायचे.

मे महिन्यात काकू आठ-दहा दिवस यायच्या. तेवढे दिवस मी नाशिकला जायची. परत येईपर्यंत त्या गेलेल्या असायच्या. आणि काका मला म्हणायचे, पुढच्या खेपेला कायमची येते म्हणालीय. म्हणालीय की नाही देव जाणे.

मग एका वर्षी, गणपती झाल्यावर, काकू खरोखरच आल्या. दोन मोठ्या बॅगा, शिवणयंत्र आणि तुळशीची कुंडी घेऊन. मुलाच्या सासूबाई आजारी पडून तिकडे राहायला आल्या होत्या, घर लहान, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं. अटीप्रमाणे मी त्याच दिवशी खोली सोडली आणि बाजारात एका दुकानाच्या माडीवर राहायला गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण काकांचा चेहरा बघितला असतात तर तुम्हीही मुकाट सामान उचललं असतंत. त्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, आणि शेडमध्ये त्या शर्टाला काळं लागू नये म्हणून दिवसभर कशाला हात लावला नाही.

आठवड्यातच काकूंनी तक्रार केली. गाड्या फार किंचाळतात, झोप लागत नाही. पहाटे घाटावरून भाजीचे टेम्पो उतरतात, मग दूधवाले, मग मिनिडोर, म्हणजे आमच्याकडच्या सहा आसनी रिक्षा, मग शनिवार-रविवारी पर्यटक. खोलीची खिडकी बरोबर त्या रस्त्यावर.

काकांनी ती तक्रार जशीच्या तशी धरली. दुसऱ्या दिवसापासून हा माणूस रस्त्यावर उभा राहायला लागला. मिनिडोरवाल्यांना हात करून थांबवायचा आणि म्हणायचा, ब्रेक वाजतो, चल शेडमध्ये घे. ज्यांना या माणसाने ओरडू दे म्हणून हाकलून दिलं होतं, तेच हे ड्रायव्हर. एकाने तर स्पष्ट विचारलं, आजोबा, बरं वाटत नाय काय? काकांनी चाक काढलं, पॉलिश पेपरने पॅडचा गुळगुळीतपणा घालवला, पॅडच्या कडा कानशीने तिरप्या केल्या, पाठीमागे पातळ ग्रीस लावलं, चाक बसवलं. गाडी वळणापर्यंत पाठवली. वाजली तर पुन्हा काढलं. कोणी किती झाले विचारलं तर अंगावर जायचे. भाजीच्या टेम्पोंसाठी पहाटे थांबायचे, दुधाच्या गाडीला आडवे जायचे. माझीही गाडी एक दिवस शाळेच्या फाटकातून घेऊन गेले आणि संध्याकाळी आणून दिली. पहिल्यांदा मला तिच्या चालण्याचा आवाज ऐकू आला. खरं सांगते, चुकल्यासारखं वाटलं.

स्थानिक गाड्या जमल्या. पर्यटकांचं काय करणार? काका लाल फडकं घेऊन उभे राहायला लागले. लोकांना वाटायचं दरड कोसळली. एका पुण्याच्या गाडीवाल्याने काच खाली न करताच त्यांचा फोटो काढला आणि निघून गेला. काका त्याच्या मागे थोडे धावले. थोडा वेळ द्या, फुकट करून देतो, असं म्हणत होते म्हणे. ड्रायव्हर लोकांनी मला हे हसून सांगितलं. मला हसू आलं नाही. बाजारात सगळे म्हणत, म्हातारा कामातून गेला.

काकूंचा गुडघा धरलेलाच होता. महाडजवळ सव गावी गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात पाय सोडून बसल्यावर आराम पडतो असं कोणी सांगितलं. एका रविवारी मी त्यांना महाडवरून सवला घेऊन गेले. काका आले नाहीत. रविवारी उताराला गर्दी असते ना. कुंडाच्या कडेला पाय सोडून आम्ही दोघी बसलो. पाण्याला गंधकाचा वास. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मी विचारलं, आता झोप लागते का?

"झोपेचं काय गो," काकू म्हणाल्या. "डोंबिवलीला आमच्या खिडकीखाली रिक्षा स्टँड हाय. मी तिथं ढाराढूर झोपते."

मग आवाजाचं? तर म्हणाल्या, काहीतरी सांगायला लागतं ना. करमत नाय सांगितलं असतं तर म्हणाले असते, खिडकी ठेवलीय की. मग त्या बराच वेळ बोलल्या. तिकडे त्यांचं भजनी मंडळ होतं, शिवणाची गिऱ्हाइकं होती, खालच्या मजल्यावरची मैत्रीण होती. ते सगळं सोडून इथे आल्या, आणि हे दिवसभर गाड्यांखाली. पूर्वी मे महिन्यात यायच्या तेव्हा निदान कठड्यावर बसलेले तरी दिसायचे. आता तेही नाही.

मी म्हटलं, काकू, ते तुमच्यासाठीच चाललंय. सगळा रस्ता गप्प करतायत ते, तुम्हाला झोप लागावी म्हणून. काकूंनी पाय पाण्याबाहेर काढले.

"मला सांगितलं नाय त्यांनी," त्या म्हणाल्या. मग पदराने पाय पुसत पुन्हा म्हणाल्या, "खोली बांधली म्हणून कळवलं. ये म्हणाले नाय. आले, तर राहा म्हणाले नाय. राहा म्हणाले असते ना, तर मी त्या रस्त्यावर खाट टाकून झोपले असते."

परतीच्या वाटेवर माझा संताप संताप झाला होता. काकूंना घरात सोडलं आणि तडक शेडमध्ये गेले. काका एका मिनिडोरखाली होते. मी त्यांच्या पायांशी उभी राहून सांगितलं, काका, काकूंना राहा म्हणून सांगा. आजच सांगा. गाडीखालून आवाज आला, "सांगायचं काय त्यात? खोली बांधली ती काय म्हशीला?" मी म्हटलं, तरी तोंडाने सांगावं लागतं. काका बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, थोड्या गाड्या राहिल्यात, आवाज बंद झाला की राहील ती. एवढ्या खात्रीने म्हणाले की मी तशीच माझ्या गाडीकडे वळले.

दिवाळीच्या आधी मुलगा गाडी घेऊन आला. तिकडच्या सासूबाई आपल्या घरी गेल्या होत्या, नातवाची शाळा होती, त्याला सांभाळायला आई हवी होती. मी निरोपाला गेले होते. शिवणयंत्र आधीच गाडीत चढलं होतं. तुळस राहू दे म्हणाल्या. काकू पुढचं दार उघडून उभ्या होत्या आणि आत बसत नव्हत्या. काका मुलाच्या गाडीची चारी चाकं तपासत होते. मग उठले, हात पुसले आणि मुलाला म्हणाले, उतारावर गिअरमध्ये ठेव, नुसत्या ब्रेकवर येऊ नको. काकू अजून उभ्याच. मी डोळ्यांनी काकांना किती खुणावलं. शेवटी काकू म्हणाल्या, "येते मग." काका म्हणाले, "हं." गाडी पोलादपुराकडच्या वळणापर्यंत गेली, तिथे ब्रेक लागला, काहीही वाजलं नाही, आणि गाडी दिसेनाशी झाली.

मला खोली परत द्यायला ते तयार नव्हते. ती यायची हाय, म्हणाले. मी माडीवरच राहिले. पण शाळा सुटली की पाय तिकडे वळायचे. दिवाळीची सुटी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळ होती, उजेड होता. काका कठड्यावर बसले होते, रस्त्याकडे पाठ करून. मी शेजारी बसले. भाजीचा रिकामा टेम्पो वर गेला. एक मिनिडोर उतरली, ड्रायव्हरने काकांना हात केला, शेडसमोर ब्रेक मारून एक बाई उतरवली आणि निघून गेली. दुधाची गाडी आली, गेली. रस्ता इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. मला तो भयाण वाटला.

"बाई, तुमी ऐका," काका म्हणाले. "माझा कान आता म्हातारा झाला. कुठं वाजतंय काय?"

मी प्रामाणिकपणे ऐकलं. नाही वाजत, असं सांगितलं.

"मग गेली कशाला?"

आता मात्र मला राहवलं नाही. सवला काकू जे बोलल्या ते सगळं मी सांगितलं. रिक्षा स्टँड, भजनी मंडळ, रस्त्यावर टाकायची खाट, सगळं. आवाजाचं नव्हतंच काका, म्हटलं, तो त्रास कधीच नव्हता. तुमच्या तोंडून एक शब्द हवा होता त्यांना. काका माझ्याकडे पाठ वळवून ऐकत होते, गाडी ऐकावी तसे.  त्यांची मान थोडी हलत होती. मला वाटलं रडतायत. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. हात स्वच्छ होते, तरी सवयीने स्पीकरवर लावला. काकूंनीच रोज करायचा फोन, तो आज यांनी केला, म्हणून तिकडून घाबरलेला आवाज आला, "काय हो, बरं हाय ना?"

"हं," काका म्हणाले. मी त्यांच्या दंडाला धरून हलवलं. त्यांनी घसा खाकरला. ओठ दोनदा उघडले, मिटले. 

"गाड्या आता वाजत नाय," काका म्हणाले.

तिकडे मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "आजूबाजूच्यांना झोप लागेल." मग जरा थांबून, "जेवण वेळेवर करा," म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

काकांनी फोन दोन्ही हातांत धरून ठेवला होता. सुटल्यासारखा त्यांनी मोठा श्वास सोडला आणि त्या कठड्यावर पहिल्यांदाच रस्त्याकडे तोंड करून बसत माझ्याकडे बघितलं.

"बोललो ना?" त्यांनी विचारलं.

"बोललात, काका," मी म्हटलं.